पटाशीचं माहेर

तुम्ही पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. लाकडी पेटी, आत निळी मखमल आणि मखमलीवर ओळीनं निजवलेली अकरा हत्यारं. सोबत त्यांच्या नावांची यादी. खाली धाकटीनं लिहिलंय, "आजी, मी लाकूड कातायला शिकणार आहे. हा सेट घेऊ का? तू शाळेत हे शिकवायचीस असं बाबा म्हणाला."

बाबा म्हणाला ते खरं आहे. पण "घेऊ का" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण ते मुळात माझं नाही. ते एका माणसाकडून मला मिळालं, आणि तो माणूस कळल्याशिवाय उत्तर ऐकलंत तर म्हातारी हेकट झाली असं म्हणाल. म्हणून आधी माणूस.

शाळेत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं, नगरमधली मुलींची शाळा. मी सव्वीस वर्षांची, इंग्रजी शिकवणारी. मिस्त्री साठीला टेकलेले, लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले आणि मोडकी बाकं दुरुस्त करायला शाळेनं ठेवून घेतलेले. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. फाटकापासूनच "आलो, आलो" असं ओरडत ते यायचे. टोपी कधी खुंटीला लावत नसत. बाकाच्या पायाला, खिडकीच्या कडीला, जिथं काम असेल तिथं अडकवत. कुणाला काही शिकवताना दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभे राहत. मला वाटायचं, थंडी वाजते. एकदा उन्हाळ्यात विचारलं तर म्हणाले, "हात मोकळं ठिवलं तर शिकनाऱ्याच्या हातातलं हत्यार हिसकावून घ्येतात ते. लई वंगाळ खोड हाय त्येंची." स्वतःच्या हातांविषयी ते असं दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलत.

त्यांच्याकडे कौतुकाचा एकच शब्दप्रयोग होता, "वाईट न्हाई." याच्या वर काही मिळेल अशी अपेक्षा कुणी करत नसे.

शाळेच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली एक पायानं चालवायचा लेथ पडून होता. कुणीतरी शाळेला देणगी दिलेला. लेथ म्हणजे काय, ते तुमच्यातल्या मोठ्याला ठाऊक असेल, पण सांगते. लाकूड दोन टोकांना पकडून गरगर फिरवायचं आणि त्याला पटाशी लावून गोल आकार द्यायचा. लाटणं, भोवरा, खाटेचे पाय असे होतात. यालाच कातणं म्हणतात. हत्यारं देणगीत नव्हती, आणि मुलींच्या शाळेत कोण लाकूड कातणार, म्हणून ताडपत्रीवर धूळ साचली होती. मिस्त्री मात्र दर शनिवारी ताडपत्री काढून लेथला तेल घालत आणि पुन्हा झाकून ठेवत.

त्या वर्षी कार्यानुभव हा नवा विषय आला. त्याचं इंग्रजी पुस्तक कुणी वाचेना, म्हणून विषय माझ्याकडे आला. मुलींना विणकाम आणि उदबत्त्या एवढंच ठरलं होतं. दिवाळीच्या तोंडावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं, "ते मागचं यंत्र मुलांच्या शाळेला देतोय. खोली मोकळी करून घ्या."

मला लेथचं काही प्रेम नव्हतं. पण मुलांच्या शाळेचं नाव ऐकलं आणि माझ्या अंगात काहीतरी शिरलं. प्रजासत्ताक दिनाला मैदानावर सगळ्या शाळांची कवायत होत असे. मुलांच्या शाळेकडे लाकडी डंबेल्स होती. आमच्या मुली रुमाल घेऊन कवायत करत. दरवर्षी कुंपणावरची पोरं ओरडत, "रुमालवाल्या आल्या, नाकं पुसा!" मी मोठ्या बाईंना म्हणाले, "लेथ ठेवा. आम्ही डंबेल्स कातू."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"चोवीस मुलींच्या चोवीस जोड्या."

"सुटी संपल्यावर पंधरा दिवसांत एक जोडी माझ्या टेबलावर ठेवा. दोन्ही अगदी सारखी. मिस्त्रींनी केलेली नको, तुम्ही केलेली. नाही जमलं तर यंत्र जाईल."

आता माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. मी आधी ग्रंथालयात गेले. एक इंग्रजी पुस्तक मिळालं, त्यात 'नवशिक्यास आवश्यक हत्यारे' असं प्रकरण होतं. त्यातली अकरा नावं मी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली, क्रमांक घातले, समोर उपयोग लिहिला. हो, अकराच. धाकटीची यादी पाहून मला हसू आलं ते त्यामुळेच. दिवाळीत पुण्याला गेले आणि एका मोठ्या दुकानातून पेटी घेऊन आले. तुमच्या पेटीत निळी मखमल आहे, माझ्या पेटीत लाल होती.

पेटी मिस्त्रींसमोर उघडली. त्यांनी एक पटाशी उचलली, नखावर टेकवून पाहिली, दुसऱ्या पटाशीवर हलकेच आपटून कानाशी नेली. मग मला विचारलं, "हिचं म्हायेर कुटलं?"

"काय?"

"माहेर वो. कुन्या लोव्हारानं घडवली? लोखंड कसलं? तापवून पानी कुनी पाजलं?"

"डब्यावर नाव लिहिलंय ना, मिस्त्री."

"डब्यावर सासरचं नाव असतंय, बाई."

मी जरा चिडूनच यादी पुढे केली. पुस्तकात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग कागद हातात घेतला, त्याच्या काळजीपूर्वक चार घड्या घातल्या आणि वाकून लेथच्या मागच्या डाव्या पायाखाली सारल्या. तिथली फरशी खचलेली होती, लेथ डुगडुगायचा. हलवून पाहिला. हलला नाही. "यादी कामाची निघाली," ते म्हणाले.

मग मला लाकडासमोर उभं केलं. दुष्काळाचं वर्ष होतं. झाडं वाळत होती आणि बाभळीचं लाकूड सहज मिळत होतं. बाभूळ म्हणजे कठीण. मी पायानं पट्टा फिरवला, पेटीतली सगळ्यात चकचकीत पटाशी लावली. पहिले चार क्षण छान गेले. मग पटाशी लाकडात रुतली, लाकूड निसटून दारावरच्या पत्र्यावर आदळलं आणि शिपाई "काय झालं, काय झालं" करत धावत आला. पटाशीची धार पाहिली तर ओल्या कागदासारखी दुमडलेली.

मिस्त्रींचे हात काखेतच होते. "अकरातल्या दोन-तीन चांगल्या निघतील बी," ते म्हणाले. "पन कंच्या, ते कळायला तुमाला धा वर्सं लागतील. तवर लेथ गेला."

पुढच्या रविवारी त्यांनी मला जुन्या लोखंडाच्या बाजारात नेलं. जमिनीवर पोती अंथरून त्यावर गंजलेली हत्यारं मांडलेली. मी आपली लांब, सरळ, कमी गंजलेली पटाशी शोधून दाखवायची आणि त्यांनी मान हलवायची. शेवटी मी विचारलं, "मग बघायचं तरी काय?"

"झिजल्याली बघायची. आखूड. बोटाएवढी उरल्याली."

"संपत आलेली कशाला घ्यायची?"

"बाई, वाईट हत्यार कुनी झिजवतं का? एकदा वापरलं की टाकून देतंय. ते लांबच्या लांब ऱ्हातं. चांगलं असंल तेलाच मानूस पुन्हा पुन्हा धार लावतो. वीस वर्सं धार लावली की हत्यार आखूड हुतं. पेटीतलं म्हंजे नुसतं म्हननं. झिजल्यालं म्हंजे साक्ष."

मी बी.ए.ला तर्कशास्त्र शिकले होते. इतका बिनचूक युक्तिवाद मी त्याआधी क्वचितच ऐकला होता. जाताना मी सहज म्हटलं, "मग चपलाही जुन्याच घेता का?" ते थांबले. "छ्या! दुसऱ्याच्या पायाची झीज आपल्या काय कामाची? हाताची कामाची असती."

बाजारात एकही झिजलेली पटाशी मिळाली नाही. ते मिस्त्रींना आधीच ठाऊक होतं. मला ते स्वतः पाहायला लावायचं होतं. "चांगली पटाशी बाजारात येतच न्हाई," ते म्हणाले. "ती घरात ऱ्हाती. उद्या सुट्टी टाका."

पारनेरच्या वाटेला त्यांचं गाव. एस.टी.तून उतरून आम्ही गावाच्या कडेच्या एका घरी गेलो. तिथं एक कातारीणबाई राहत होती, वयानं मिस्त्रींच्याच आसपास. कातारी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लाकूड कातणारे. तिचा नवरा वारून दोन वर्षं झाली होती. मिस्त्री तिला वहिनी म्हणत.

"वहिनी, दादांच्या पटाश्या द्यायच्या का?"

"कुनाला?"

"या बाईंना. विंग्रजीच्या मास्तरीन हायेत."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लाकडाला विंग्रजी कळतं व्हय?"

"मराठी बी कळत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "तवा बरुबरीच झाली."

ती हसली नाही. आत जाऊन तिनं एक गाठोडं आणलं. त्यात चार पटाश्या होत्या. तीन आखूड, त्यातली एक पन्हळीसारखी पोकळ आणि बोटाएवढीच उरलेली. चौथी लांब आणि छान दिसणारी. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "तशा न्हाई देनार. आदी चालवून दावा."

अंगणात त्यांचा जुना लेथ होता, जमिनीवर बसून चालवायचा. दोन खुंट, मध्ये लाकूड आणि लाकडाला दोन वेढे दिलेली चामड्याची लांब वादी. एकानं हत्यार धरायचं आणि दुसऱ्यानं समोर बसून वादी एकदा या हातानं, एकदा त्या हातानं ओढायची. लाकूड एकदा तुमच्याकडे फिरतं, एकदा उलटं. हत्यार धरायचा नवरा. ओढायची बायको. तीस वर्षं तिनं ती वादी ओढली होती.

"हत्यार कसं चाललंय ते धरनाऱ्याला मागनं कळतं," ती बसता बसता म्हणाली. "वढनारीला आदी कळतं. तिच्या हातात येतंय ते."

मी साडी खोचून मांडी घातली. मिस्त्री भिंतीशी उभे राहिले, हात काखेत. तिनं वादी ओढली, मी पटाशी टेकवली आणि वादी थबकली. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओढली. पुन्हा थबकली.

"जातंय तवा कशाला आडवताय?" ती म्हणाली. "येतंय तवा घ्या. जातंय तवा सोडा."

मी डोळे लाकडावरून काढले आणि तिच्या हातांकडे लावले. उजवा हात मागे गेला की लाकूड माझ्याकडे येत होतं. तेव्हा टेकवलं. डावा मागे गेला की उचललं. टेकवलं, उचललं. खरखर चालली होती ती हळूहळू कमी झाली, आणि मग एकदम सर्र असा आवाज आला आणि लाकडाचा एक पातळ, सलग, ओलसर पापुद्रा माझ्या मनगटावर येऊन पडला. त्यानंतर दुसरा. मला हसू फुटलं. आमच्या दोघींच्या हातांत एकच ओढ चालू होती आणि मध्ये ती बोटाएवढी पटाशी होती.

तिनं तीन पटाश्या तशाच चालवून घेतल्या. चौथी, ती लांब सुंदर, मी उचलली तशी तिनं वादी खाली ठेवली. "ती न्हाई देत. ती कामाची न्हाई. त्येंला बी कदी सरळ चालली न्हाई."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती.

तिनं किंमत सांगितली. मी सवयीनं तोंड उघडलं तर मिस्त्रींनी डोळ्यांनीच गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "घासाघीस नव्या मालाची करायची. झिजल्याल्या मालात मानसाचा हात गेल्याला असतो." पण निघण्याआधी एक गोष्ट घडली. तिनं पटाश्या माझ्या हातात देण्यापूर्वी प्रत्येकीची मूठ दगडावर ठोकून काढली. नुसती तीन लोखंडं मला दिली आणि मुठी पदरात घेतल्या. मुठींवर अंगठ्याच्या जागी खळगे पडलेले होते.

"लोखंड न्या," ती म्हणाली. "मुठी माज्या हायेत. तुमच्या तुमी कातून घ्या."

शाळेत परत येऊन पहिली मूठ कातताना पटाशीच्या शेपटाला मी मुठीच्या जागी सुतळी गुंडाळली होती. पहिली वाकडी झाली, दुसरी बरी, तिसरी माझ्या हातात अशी बसली की मी ती घरी उशाशी घेऊन झोपले असते. दुकानातल्या सगळ्या मुठी पुरुषांच्या पंजाला धरून केलेल्या असतात, हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं.

मग डंबेल्स. दोन गोळे आणि मध्ये मूठ. एक करणं जमलं, पण दुसरं पहिल्यासारखं होईना. धार लावायच्या दगडाला पाणी लागायचं आणि पाण्याची टंचाई. मिस्त्री मुलींचे पेले विसळलेलं पाणी डब्यात साठवून ठेवत. पंधरातले अकरा दिवस गेले. माझ्या टोपलीत एकमेकांशी न जुळणारी नऊ डंबेल्स जमली. बाराव्या दिवशी मी वहीचं जाड पुठ्ठ्याचं कव्हर घेतलं, त्यावर डंबेलच्या अर्ध्या अंगाची रेघ आखली आणि कात्रीनं कापली. लाकडाला तो पुठ्ठा लावून पाहायचा. जिथं उजेड दिसत नाही तिथं अजून काढायचं, जिथं दिसतो तिथं हात लावायचा नाही.

मिस्त्री बराच वेळ पाहत होते. "हे कुटल्या पुस्तकात हुतं?"

"कुठल्याच नाही. माझं आहे."

त्यांनी पुठ्ठा उजेडात धरून पाहिला. चाळीस वर्षं ते नुसत्या नजरेवर कातत आले होते. "वाईट न्हाई," ते म्हणाले. त्या दिवशी मी जेवले नाही, भूकच लागली नाही.

चौदाव्या दिवशी जोडी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी प्रयोगशाळेतून तराजू मागवला. काटा मध्ये थांबला. मग दोन्ही डंबेल्स टेबलाच्या कडेला शेजारी ठेवून त्यांनी बोटानं एकदम ढकलली. दोन्ही सोबत घरंगळत गेली आणि दौतीला एकाच वेळी टेकली. मोठ्या बाईंनी हजेरीपट जवळ ओढला. मान वर न करता त्या म्हणाल्या, "शेहेचाळीस राहिली."

पुढचे दोन महिने मी वेळापत्रक लावलं. दोन मुली लेथवर, दोन धारेवर, दोन पुठ्ठा घेऊन तपासायला. प्रत्येक मुलीनं आपली जोडी स्वतः कातायची. मिस्त्रींचे हात काखेत इतके घट्ट असायचे की सदरा तिथं फाटला.

प्रजासत्ताक दिनाची सकाळ. मैदान भरलेलं. आमच्या मुली आल्या त्या हात पाठीमागे बांधून. कुंपणावरून आवाज आलाच, "रुमाल घरी राहिले का?" शिट्टी झाली. चोवीस जणींचे हात एकदम पुढे आले आणि डंबेलवर डंबेल आपटलं. बाभळीचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. तो टणक असतो आणि लांब जातो. अख्ख्या मैदानावर एकच आवाज झाला. कुंपण गप्प झालं. मुलांच्या शाळेतली, रंगीत डंबेल्स हातात धरलेली मुलंसुद्धा माना वळवून पाहू लागली. दुसरा ठोका, तिसरा. चौथ्याला पोरं कुंपणावरून उतरून पुढे येऊन बसली होती.

मिस्त्री ध्वजाच्या बाजूला उभे होते. पहिल्या ठोक्याला त्यांचे हात काखेतून बाहेर आले होते आणि परत गेले नव्हते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, "बाभूळ हाय. आमच्या पोरींनी कातलीया." तो पुढे सरकला की त्याच्या शेजारच्याला. "बाभूळ हाय. आमच्या पोरींनी."

त्यांनी पहाटेच्या एस.टी.नं कातारीणबाईंनाही आणलं होतं. त्या पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. कवायत संपल्यावर मी धावत त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "कशी झाली?"

"झाक झाली," त्या म्हणाल्या. "पन तिसऱ्या वळीत एक जोडी हालकी हाय."

शेवटच्या मुलीला बाभूळ पुरली नव्हती. तिची जोडी आम्ही कडुनिंबाची केली होती.

लेथ शाळेतच राहिला. मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मुली त्यावर उभ्या राहिल्या आणि ज्या वर्षी फरशी बदलली त्या वर्षीच त्याच्या मागच्या डाव्या पायाखालची चार घड्यांची यादी निघाली. मिस्त्री तेव्हा नव्हते. अक्षर अजून स्वच्छ होतं.

आता उत्तर. पेटी घ्यायची तर घे, धाकटे. मी घेतलीच होती. अकरातली कोणती आखूड होते ते दहा वर्षांनी मला कळव. मी नसले तर बाबाला कळव. पण सुरुवातीला एक हत्यार मी पाठवते आहे. तुमचे काका पुढच्या महिन्यात येतात, त्यांच्या सामानात आहे. ती पन्हळीची पटाशी, आता बोटाहूनही आखूड. तिचं माहेर तुला कळलंच. मूठ मी काल दगडावर ठोकून काढून घेतली. ती माझी आहे. तुझी तू कात.

आणि ती यादी फेकू नकोस. कागदावर छापून घे. लेथचा एक पाय अधांतरी असतोच.